आबांचा शेंदूर, आईचं गंगावन

आईच्या हातातून ताट पडलं तेव्हा मी तिच्यावर ओरडले होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी ज्यांच्या नावानं बोटं मोडली त्यांची रांग लांब आहे, आणि तिच्यात पहिली मी उभी असले पाहिजे.

आमटी भिंतीपर्यंत उडाली होती. "लक्ष कुठं असतं गं तुझं?" मी म्हटलं. आईनं उजवा हात कोपरापासून वर उचलला. मनगट मात्र वर आलं नाही, ते दोरीवरच्या ओल्या फडक्यासारखं खाली लोंबत राहिलं.

"ह्यो उठत न्हाय आता," ती म्हणाली. "शिशाचा हात हाय ह्यो. शेडमधल्या धुरानं गेलाय."

"काहीतरीच. बसून बसून शिरा आखडल्यात. जरा व्यायाम कर."

मी तेव्हा पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेली, पीएच.डी.ला नाव नोंदवलेली मुलगी होते. म्हणजे मला सगळंच कळत होतं.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायचो. दोन खोल्या, पुढं आबांची खाट, मागं चूल आणि माझं टेबल. माझे वडील, म्हणजे आबा, लाकडाच्या वखारीत कामाला होते. तरुणपणी त्यांनी गल्लीच्या तालमीत माती अंगाला लावली होती. कुस्ती सुटली, पण तालमीतला मारुती सुटला नाही. दर शनिवारी आंघोळ करून ते मारुतीला तेल आणि शेंदूर लावून यायचे. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं रविवारी दुपारपर्यंत केशरी दिसायची, आणि त्या बोटांनी ते घरातल्या प्रत्येक नव्या वस्तूला टिळा लावायचे. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर तो डाग अजून आहे.

आई नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बॅटरीच्या शेडमध्ये लागली. गावाबाहेर पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंना भिंती. जुन्या बॅटऱ्या ट्रकनं यायच्या. बायका खाली बसून त्या कुऱ्हाडीनं फोडायच्या, आतल्या शिशाच्या प्लेटा हातानं उपसून भट्टीकडे सरकवायच्या. भट्टीचा धूर त्यांच्या डोक्यावरूनच बाहेर जायचा. जेवणाच्या सुट्टीत त्याच हातांनी भाकरी मोडायच्या, कारण धुवायला एक नळ आणि त्यालाही पाणी धड नाही. आईनं तिथं बारा-तेरा वर्षं काढली. हात पडल्यावर मालकानं तिला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं आणि बाकीच्या बायकांना सांगितलं, "तिच्या अंगात येतंय. सोंग हाय सगळं."

डॉक्टर शिकलेला होता, त्यामुळे त्यानं हेच जरा सभ्य शब्दांत सांगितलं. वय झालंय, मनाचं आहे, झोपेच्या गोळ्या घ्या. शिशाची बाधा झालेल्या माणसाच्या हिरडीवर निळसर रेघ दिसते, हे मी पुढं वाचलं. त्यानंही कॉलेजात वाचलंच असणार. पण आई मिशरी लावायची. काळ्या हिरड्या बघून त्यानं तोंड वाकडं केलं आणि "हे आधी सोडा" म्हणून विजेरी खिशात घातली. त्या माणसाचा मला आजही राग येतो. मिशरी पुसून तोंडात बघायला त्याला दोन मिनिटं लागली असती.

आई मात्र पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती. शेडमधल्या शिशानं हात गेला. तिला दुसरं काही नको होतं. कुणीतरी तिच्या तोंडावर म्हणावं की बाई, तू खरं बोलतेस, एवढंच. शेजारची मावशी आणि गल्लीतल्या आणखी सहा-सातजणी अजून त्या शेडमध्ये जात होत्या. त्यांनाही ती रोज सांगायची, आणि त्या मान डोलावून डबा उचलून निघून जायच्या.

तिच्या रक्ताची तपासणी आम्ही केली, पण कधी? काम सुटून वर्ष उलटून गेल्यावर, रक्तातलं शिसं उतरून गेल्यावर. नमुना बाहेरगावी पाठवला, कागद आला. शिसं थोडं जास्त, यावरून निश्चित काही म्हणता येत नाही. मालकाला हा कागद कुठून तरी कळला. तो पानाच्या टपरीवर म्हणाला म्हणे, "बगा, मशीनबी तेच म्हनतंय."

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. मी काचेवर अतिशय पातळ थर चढवून त्यांचा अभ्यास करत होते, आणि त्या थरांत नेमकं काय बसलंय हे बघायला आमचा गट परराज्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत जायचा. तिथं एक मोठं वर्तुळाकार यंत्र आहे. एका निर्वात नळीत इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरत असतात. ते सरळ जातात तोवर गप्प असतात. चुंबकानं त्यांना वळायला भाग पाडलं की वळताना त्यांच्यातून उजेड बाहेर पडतो. साधा दिसणारा उजेड असतो, तसेच क्ष-किरणही असतात, आणि इतके प्रखर की दवाखान्यातलं क्ष-किरणांचं यंत्र त्यांच्यापुढं काजव्याएवढं. अशी यंत्रं पहिल्यांदा बांधणाऱ्यांना ही कटकट वाटायची, कारण कणांना दिलेली ऊर्जा अशी वाटेतच गळून जायची. नंतर कुणाच्या तरी ध्यानात आलं की हे गळतंय तेच कामाचं आहे. आता त्या वर्तुळाला जागोजागी खिडक्या पाडलेल्या असतात. एका खिडकीवर कुणी औषधाचा रेणू बघतो, दुसरीवर कुणी जुनं नाणं, तिसरीवर कुणी गव्हाचा दाणा.

एका खिडकीवर मी एक केस ताणून बसवलेला पाहिला. तिथल्या वैज्ञानिक बाईंनी मला समजावलं. क्ष-किरण पडले की केसातलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या खुणेचे किरण परत फेकतं. शिसं असेल तर शिशाची खूण, जस्त असेल तर जस्ताची. आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा तो मुळापासून टोकापर्यंत वाचत गेलं की माणसाच्या अंगात कधी काय होतं त्याचा माग लागतो.

आईची वेणी कमरेपर्यंत होती. मी तिथंच उभ्या उभ्या हिशेब केला. वरचे दीड-एक वीत केस काम सुटल्यानंतरचे. त्याखालचे सगळे शेडमधल्या वर्षांचे. पुरावा रोज माझ्यासमोर तेल लावून विंचरला जात होता.

माझ्या मार्गदर्शकांच्या मागं लागून मी यंत्रावरच्या आमच्या वाट्याच्या पाळ्यांतली एक दिवसाची पाळी मागून घेतली. घरी येऊन आईच्या मानेजवळचे काही केस मुळाशी कापले, प्रयोगशाळेत नेऊन ॲसिटोननं आणि शुद्ध पाण्यानं धुतले, मुळाकडच्या टोकाला दोरा बांधला आणि कागदाच्या पुडीत घातले. निघायला दोन दिवस होते. पुडी मी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली, कारण घरात तेवढीच जागा कोरडी होती. "ह्याला कुणी हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"काय हाय त्यात?" आबांनी विचारलं.

"तुम्हाला नाही कळायचं, आबा."

हे माझं वाक्य. यात एका अक्षराचाही फरक नाही.

मिरजेहून गाडी धरून मी गेले. सकाळी दहाला पाळी सुरू झाली. केस चौकटीवर ताणला, दार बंद केलं, बाहेर बसून पडद्याकडे बघत राहिले. शिशाची खूण उठली. नुसती उठली नाही, पडद्याच्या डोक्यावर गेली. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. मनातल्या मनात मालकाच्या दोन कानाखाली मारल्या, डॉक्टरच्या एक.

वैज्ञानिक बाई मात्र पडद्याकडं वाकल्या. त्यांनी मुळाकडचा भाग पुन्हा बघायला लावला. तिथंही तेवढंच शिसं. मधे तेवढंच, टोकाला तेवढंच.

"तुमची आई कामावर कधीपर्यंत होती?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "मग गेल्या महिन्यात उगवलेल्या केसात इतकं कुठून येईल? हे आतलं नाही. बाहेरून काहीतरी चोळलंय. धुतल्यानंतर."

मी दुपारी बाहेरच्या बूथवरून शेजारी फोन लावला. आबा आले. मी विचारलं, पुडीला कुणी हात लावला होता का?

"हात कशाला लावंल कोन," आबा म्हणाले. मग जरा थांबून, खुशीत, "मारुतीच्या पायावर ठेवून आनलती की. लांबच्या वाटंला निघालतीस. जरा शेंदूर लावला केसास्नी, आन् तुला चालायचं न्हाय म्हनून पुसूनबी ठेवला. काय झालं? जमलं न्हवं काम?"

शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग. मारुतीच्या अंगावर चढतं ते केशरी शिसंच असतं. सगळ्या जगात कोल्हापूरच्या एका पैलवानालाच हे सुचायचं होतं की बायकोच्या केसातलं शिसं शोधायला निघालेल्या पोरीच्या पुडीला शिसं फासावं, आणि तेही पोरीचं भलं व्हावं म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोनवर काय बोलले ते इथं लिहीत नाही. ऐकणारा माणूस शेजाऱ्याच्या दारात उभा होता आणि शेजारी ऐकत होते, एवढं लिहिलं तरी पुरे.

पाळी संपली. पुढची कधी मिळेल कुणालाच सांगता येत नव्हतं.

मी परत आले त्याच आठवड्यात तालमीत बैठक ठरली. आमच्याकडे भाऊबंदकीपासून भाडेकरूपर्यंतचं भांडण आधी तालमीत येतं, मग वाटलं तर पुढं जातं. मावशीचीही बोटं थरथरायला लागली होती, तेव्हा बायकांनीच विषय काढला होता. आखाड्याशेजारच्या खोलीत सतरंजी टाकलेली. चार वडीलधारे, शेडचा मालक, आम्ही. मालक आमच्याच पेठेतला, तालमीच्या गणपतीला दरवर्षी मांडव त्याचाच. तो ऐसपैस बसला होता.

एका वडीलधाऱ्यांनी मला विचारलं, "बाई, तू त्या मोठ्या मशीनवर जाऊन आलीस म्हनं. काय निघालं?"

मला म्हणता आलं असतं, तपास अजून चालू आहे. ते खरंही होतं. पण चार दिवस माझ्या डोक्यात नुसता जाळ होता, आणि समोर आबा मांडी घालून, माझ्याकडे अभिमानानं बघत बसले होते. त्या बघण्यानं माझं टाळकंच सरकलं.

"काय निघणार?" मी म्हणाले. "आबांनी सगळी घाण करून ठेवली. केसांना शेंदूर फासला. शेंदरात शिसंच असतं. सगळं वाया गेलं."

 मग मालक हसला. आधी हळू, मग मांडीवर थाप मारून.

"म्हंजे शिसं घरातच हाय की ओ!" तो म्हणाला. "दर शनवारी नवरा हातानं शेंदूर कालवतोय, त्याच हातानं घरात वावरतोय, आन् खापर माझ्या शेडवर? आवो पावणं, आधी घर झाडा तुमचं." आबांना तो लहानपणापासून ओळखत होता. 'पावणं' त्यानं मुद्दाम म्हटलं.

आबांनी स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं. बोटं केशरी होती, कारण आदला दिवस शनिवार होता.

त्या दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं की प्रश्न बदलला. शेडमध्ये शिसं होतं की नव्हतं हे आता कुणी विचारत नव्हतं. आबांनी आईला विष घातलं की नाही, हे विचारत होते. गल्लीत, टपरीवर, नळावर. मालकाला काहीच करावं लागलं नाही. हत्यार मी घासूनपुसून त्याच्या हातात दिलं होतं.

आबांनी मारुतीला जाणं सोडलं. गेली चाळीस-एक वर्षं न चुकलेला शनिवार त्यांनी खाटेवर बसून काढला. साबणाची वडी घेऊन ते नळावर हात घासत बसायचे, नखांत काडी घालून. आईला भाकरी थापता येत नव्हती म्हणून हात पडल्यापासून आबाच पीठ मळून भाकऱ्या थापायचे. ते त्यांनी बंद केलं. "माझा हात नगं," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "आबा, मालक वाटेल ते बोलतो." तर म्हणाले, "तूच म्हनलीस की. शेंदरात शिसं असतंय."

शास्त्र म्हणून बघायला गेलं तर मालकाचा प्रश्न खोटा नव्हता. तो लबाडीनं विचारला होता, पण खोटा नव्हता. शेंदूर घरात होता. शेडमध्ये शिसं होतं. अंगात कुठलं गेलं? मी पुस्तकं चाळत बसले. चिडून वह्या आपटत बसले. मार्गदर्शकांवर, प्रयोगशाळेवर, मारुतीवर, सगळ्यांवर चिडले.

महिनाभर हे बघून आई एक दिवस माझ्या टेबलापाशी आली. तिनं डाव्या हातानं फडक्याचं गाठोडं टेबलावर आपटलं.

"लई झालं तुझं," ती म्हणाली. "माझा केस, माझा हात, माझा नवरा. आन् मला एका शब्दानं इचारलंस का काय कराय लागलीस म्हनून? ते मशीन करतंय काय, ते सांग आधी. सगळं सांग. त्यास्नीबी बोलव."

मी आबांना बोलावलं. पहिल्यांदाच त्या दोघांना समोर बसवून सांगायला लागले. इलेक्ट्रॉन म्हटल्यावर आबांच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा मी विचारलं, "आबा, तालमीतला लाकडी मुद्गल डोक्याभोवती फिरवताना जोर कुठं लागतो?"

"आत वढायला," ते लगेच म्हणाले. "सोडला तर सुटून जातोय की सरळ."

"तेच. तो कण सरळ सुटायला बघतो. चुंबक त्याला आत ओढतो. असा ओढत वळवला की त्याच्यातून उजेड पडतो. त्या उजेडात केस धरायचा."

"आन् केस बोलतोय?" आईनं विचारलं.

"बोलतो. पण बाहेर लागलेलं आणि आत मुरलेलं दोन्ही एकदम बोलतं. म्हणून घोळ झाला."

"मग आडवा काप की," आई म्हणाली. "मुळा कापतीस तसा. साल एकीकडं, गर एकीकडं."

 केसाचे आडवे काप करून आतला भाग वेगळा बघतात, हे मला महिनाभर पुस्तकं आपटल्यावर सापडलं होतं.

मग तिनं गाठोडं सोडलं. आत एक गंगावन होतं, काळंभोर, वर लाल गोंडा. गंगावन म्हणजे वेणी जाड दिसावी म्हणून तिच्यात गुंफायचा केसांचा झुपका. मला ते माहीत होतं, लग्नाकार्यात ती ते लावायची. पण ते केस कुणाचे हे मी कधी विचारलं नव्हतं.

"तू झालीस तवा माझं केस मूठमूठ गळालं," ती म्हणाली. "ती गुंतवळ मी टाकली न्हाय. साठवून गंगावन करून घेतलं. तवा शेडचं नावबी मला ठावं नव्हतं. आन् ह्यो तुझा बा तवाबी दर शनवारी शेंदूर लावतच हुता, त्याच हातानं मला चाराय बघायचा. शेंदूर पोटात गेला आसंल तर ह्यात सापडंल. न्हाय तर न्हाय."

गाठोड्यात एक जुना डबाही होता. त्यात शेडमधल्या वर्षांची गुंतवळ. विंचरताना निघालेले केस बायका फेकत नाहीत, गुंडाळी करून ठेवतात आणि भांडी विकणारी आली की तिला देतात. आमच्या गल्लीत ती यायची बंद झाली होती, आणि आईचा डबा भरत गेला होता. शेडच्या आधीचे आणि शेडमधले केस तिनं माझ्या टेबलावर ठेवले; शेडनंतरचे तिच्या डोक्यावर होतेच. तुलनेसाठी निर्मळ नमुना हवा, हे आम्हाला पहिल्या वर्षी फळ्यावर लिहून शिकवतात. सातवी शिकलेल्या बाईनं ते आपलं आपण शोधून काढलं होतं.

पुढची पाळी मिळायला वर्षाच्या वर गेलं. त्या वर्षभरात मी दोनदा अर्ज केला, दोनदा तो परत आला. माझ्या थरांना पाळी मिळे, आईच्या केसांना मिळेना, कारण असं कारण लिहायला अर्जात रकानाच नव्हता. अखेर त्या वैज्ञानिक बाईंनीच आपल्या वेळातला एक दिवस काढून दिला. या खेपेला काप आधीच पारदर्शक डिंकासारख्या लेपात बसवून, पातळ कातरून नेले. डबी माझ्या कपाटात कुलपात होती. निघताना आबा दारात उभे होते, दोन्ही हात पाठीमागं धरून. पुडीला सोडाच, माझ्या पिशवीलाही त्यांनी हात लावला नाही. ते बघून मला जे वाटलं ते रागापेक्षा वाईट होतं.

गंगावनाचा काप पहिला लावला. कडेला शिशाची पुसटशी रेघ, तीही एकाच बाजूला, म्हणजे बाहेरून लागलेली. आत काही नाही. दुसरा काप, तिसरा काप, आत काही नाही. मग शेडमधल्या वर्षांचे केस. बाहेर जाड कडं, ते धुराचं, धुळीचं. आणि आत, गाभ्यापर्यंत, शिसं. मग नंतरचे केस, शेंड्याकडून मुळाकडे येताना आतलं शिसं उतरत गेलेलं. बाईंनी मला बजावलं, एकट्या केसावरून निकाल लावायचा नसतो, बाहेरचं थोडं आत झिरपूही शकतं, डॉक्टरांनी बाकीचं बघायला हवं. मी सगळं लिहून घेतलं. पण गंगावन स्वच्छ होतं. आबांचा हात स्वच्छ होता. बाहेरच्या पायरीवर बसून मी जोरात रडले, आणि रडताना शिव्याही देत होते, त्यामुळे रखवालदार दोनदा डोकावून गेला.

तालमीत पुन्हा सतरंजी पडली. मालक आला नाही. तोवर त्यानं शेड उचलून लांब दुसऱ्या गावाबाहेर नेली होती, आणि तिथं तिथल्या बायका बसवल्या होत्या. वडीलधाऱ्यांनी माझे आलेख उलटेसुलटे करून पाहिले. एक म्हणाले, "आता तो हितं न्हायच तर कुनाला काय म्हनायचं?" दुसऱ्यांनी चहा सांगितला. मी चहा न घेता उठले. मावशी आणि दोघीजणी माझ्याबरोबर मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंकडे आल्या. त्यांनी तिघींच्याही हिरड्या उजेडात नीट बघितल्या. आईच्याही बघितल्या, आणि मिशरीखाली रेघ आहे का ते कापसानं पुसून पुसून पाहिलं. पुढं चौघींचंही शिशावरचं औषध सुरू झालं. आईचं मनगट हळूहळू चमचा धरण्याइतकं वर आलं. त्याच्या पुढं नाही. ती दुसरी शेड कुठल्या गावात आहे ते मला माहीत आहे, आणि मी तिथं गेलेली नाही. हेही सांगून टाकते.

प्रयोगशाळेतून घरी आले त्या दिवशीचं मात्र राहिलं. मी आबांसमोर बसले आणि म्हणाले, "आबा, तुमचा शेंदूर आईच्या अंगात गेलेला नाही. मी बघून आले. शिसं शेडमधलंच."

 आबा उठले, हात धुतले, कोनाड्यातली तेलाची वाटी घेतली आणि पायात चप्पल न घालता तालमीकडे गेले. तो दिवस शनिवार नव्हता.

आई चुलीपाशी बसली होती. मी तिच्यापुढं आलेख ठेवला, कुठला केस कुठल्या वर्षांचा ते बोट ठेवून दाखवलं. तिनं तो नीट बघितला. मग गंगावन मागून घेतलं, मी कुठं कातरलंय ते बघितलं आणि डाव्या हातानं फडक्यात गुंडाळायला लागली.

"मग आता तुझा इस्वास बसला न्हवं?" ती म्हणाली.

"बसला की आई. पुराव्यासकट."

"आन् मी सांगितलतं तवा?"

यंत्रातल्या त्या वळणावर उजेड का पडतो ते मला कुणीही विचारावं. मी वर्गात दरवर्षी तासभर शिकवते, फळाभर समीकरणं लिहिते. आईनं मात्र दुसरंच विचारलं होतं. तिनं गाठ मारायला फडक्याचं एक टोक माझ्यापुढं केलं आणि दुसरं दातांत धरलं.